तेर्नाच्या पोटातला कप

सोल्फ्रिदचा निळा कप फळीवरून पुन्हा चालायला लागला. धक्का सोडून बरोब्बर दहा मिनिटं झाली होती.

"आलास का कामावर!" तिनं कपाला दरडावलं आणि उरलेली कॉफी घशात ओतली.

तेर्ना ही खाडीतली जुनी फेरीबोट आणि सोल्फ्रिद तिची इंजिनवाली, गेली बावीस वर्षं. इंजिन कण्हलं की ही मध्यरात्रीही उठून धावणार! नवऱ्यासाठी कधी एवढी जागली नसेल. हादरे शुक्रवारपर्यंत थांबले नाहीत तर तेर्ना भंगारात, असं कंपनीनं कळवलं होतं. मग हिची रवानगी पलीकडच्या खाडीत, बॅटरीच्या बोटीवर. तिथे म्हणे आवाजच नसतो. शी! त्यापेक्षा घरी बसून मोजे विणलेले बरे.

तिचा सगळा राग डॅम्परवर. इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेलं हे जड चाक, आत दाट तेल; सिलिंडरच्या ठोक्यांनी शाफ्टला बसणारा पीळ गिळायचा, एवढंच त्याचं काम. तिनं तेल तपासायला पाठवलं, बोल्ट आवळले, शिव्याही दिल्या. तेलाचा अहवाल आज सकाळी आला: ठणठणीत.

मग कप का चालतो? कप चालत असताना पहिल्यांदाच तिनं गतीच्या काट्याकडे पाहिलं. मिनिटाला तीनशे वीस फेरे! तांबड्या पट्ट्याच्या ऐन मध्यात. त्या पट्ट्यात इंजिनाचे ठोके आणि शाफ्टचा पीळ एकमेकांना चेव आणतात, डॅम्परचंही काही चालत नाही. तिथून झटकन निघून जायचं असतं, रेंगाळायचं नसतं.

तिनं फोन उचलला. "तोरलेव्ह! अरे कप्तान आहेस की कोण? तांबड्यात काय मुक्काम ठोकलायस?"

"कसलं तांबडं? माझ्या काट्यावर तर काही नाही," तोरलेव्ह म्हणाला. "आणि इथे हळू जायला गेल्या महिन्यात तूच सांगितलंस ना? तुझ्या बाबांचा धक्का आलाय. लाटांनी त्यांची होडी आपटते म्हणून."

सोल्फ्रिदनं कपाळावर हात मारला. वरचा, कप्तानासमोरचा काटा उन्हाळ्यात बदलला होता. त्यावर तांबडा पट्टा ओढायचं काम तिचंच, आणि ते ती साफ विसरली होती. बिचाऱ्या डॅम्परला उगाच महिनाभर बोल लावले!

"दोनशे ऐंशीवर आण," ती कसंबसं म्हणाली.

काटा उतरला. कप जागच्या जागी थांबला. सोल्फ्रिदचे डोळे भरून आले. तिनं डॅम्परच्या झाकणावर हलकेच थाप मारली. "चुकलं रे माझं."

मग लेकीनं वाढदिवसाला दिलेली लाल नेलपॉलिश पिशवीतून काढून ती धडाधडा जिना चढली आणि तोरलेव्हच्या काट्यावर जाड पट्टा ओढला.

"अगं, नखं तरी रंगव उरलेल्यात," तो हसला.

तेवढ्यात आपल्या धक्क्यावरून बाबा ओरडले, "सोल्फ्रिद! आज गोगलगायीसारखी चाललीय बोट! इंजिन बिघडलं की काय गं?"

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "इंजिन धडधाकट आहे, बाबा! बिघडली होती ती तुमची लेक!"