पायांची हजेरी

पावसाळ्यात आमच्या घरी दिवेलागणीला पायांची हजेरी व्हायची. आबा, म्हणजे माझे वडील, करडईच्या तेलाची वाटी घेऊन ओसरीवर बसायचे. रानातून आलेल्या प्रत्येकाने पाय धुऊन त्यांच्यापुढे ठेवायचे, मग ती आई असो, आम्ही भावंडं असू, नाहीतर सालगडी. एकेक बोट फाकवून ते बघत, धोतराच्या सोग्याने कोरडं करत आणि तेल चोळत. काळ्या रानातल्या चिखलात राबणाऱ्याला बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्याच. पण आमच्या घरी तो गुन्हा होता. मैत्रिणी मला हसायच्या आणि मला आबांचा भारी राग यायचा.

पहिल्या महायुद्धात आबा फ्रान्सला खंदकात होते. डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच ठेवून आले. गावाला बंदुकीच्या गोष्टी ऐकायच्या असत. आबा म्हणायचे, "लढलो कवा? गुडघाभर पाण्यात नुसते उभे राह्यलो. सारा हिवाळा गेला, पन शंभर पावलं पुढं न्हाई की मागं न्हाई. गोळीनं मेला त्याचं नाव तरी झालं. पाय सडून गेला त्याचं काय?" तिथे दोघादोघांची जोडी असे, आणि रोज एकाने दुसऱ्याचे पाय चोळायचे. थकलेला माणूस स्वतःची हयगय करतो, म्हणून हा कायदा. याच्यापुढे ते बोलत नसत.

मला बघायला पहिले पाहुणे आले ते भर पावसात. आबांनी चहाच्या आधी तेलाची वाटी काढली आणि नवऱ्यामुलाच्या बापाला म्हणाले, "पाय दाखवा." पाहुणे तसेच उठले. मुलीचा बाप सरकलेला आहे ही बातमी अंबडपर्यंत गेली. पुढचं वर्षभर आमच्या दारात कोणी आलं नाही. शेवटी एक स्थळ जुळलं, तेव्हा आईने आबांना माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की मांडवात ते कोणाच्या पायांचं नाव काढणार नाहीत.

पण लग्नात मुलीच्या बापाला नवऱ्यामुलाचे पाय धुवावेच लागतात, हे आम्ही विसरलोच होतो! चातुर्मासाआधीचा शेवटचा मुहूर्त, वरून पाऊस. गाड्या रुतल्या म्हणून वऱ्हाड कोसभर चिखल तुडवत आलेलं. परातीत पाय ठेवले गेले, आई पाणी घालू लागली, आणि आबांचे हात थांबले. ते बोटं फाकवून बघू लागले. भटजी म्हणाले, "आटपा." आबांना ऐकूच येत नव्हतं. उपरण्याने एकेक बेचकं पुसत ते आईला म्हणाले, "तेल आन."

वऱ्हाडात कोणीतरी फिदीफिदी हसलं. सासरे उठून उभे राहिले. मी मुंडावळ्यांआडून जमिनीकडे बघत होते. आता हेही मोडणार, असं वाटून मला आबांची लाज वाटली. खरंच वाटली. त्याची लाज मला आजही वाटते.

नवऱ्यामुलाने मात्र पाय मागे घेतले नाहीत. त्याने हलकेच विचारलं, "मामा, तुमचे पाय कोन बघतं?"

आबांनी वर पाहिलं. म्हणाले, "माझा जोडीदार तिथंच राह्यला. एका सांजेला मी लई थकल्तो. त्याला म्हनलं, उद्या चोळतो."

सासरे खाली बसले. भटजींनीच तेलाची वाटी पुढे सरकवली.

लग्न लागलं. पाठवणीला सगळे चिखलातून ओढून काढलेल्या गाड्यांत बसले तेव्हा मी ती वाटी घेऊन ओसरीवर परत आले. शालूनिशी आबांपुढे खाली बसले आणि म्हटलं, "पाय द्या."

"येडी का काय? गाडी निघून राह्यली."

"थांबंल."

त्यांनी पाय आखडून घेतले. मी ओढले, तेव्हा दिले, आणि तोंड भिंतीकडे केलं. इतकी वर्षं सगळ्या घराची बोटं तपासणारा माझा बाप! त्याच्या डाव्या पायाची उरलेली तीन बोटं मी फाकवून पाहिली. आत सगळ्या चिखल्याच होत्या, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या.