हात लावण्याआधी विचार

माझी सून नर्स. पुण्यातल्या मोठ्या वॉर्डात बरीच वर्षं काढलेली. कितीही बारीक शीर असो, तिला सापडायची. इंग्लंडच्या एका हॉस्पिटलने तिला घेतलं, पण तिथे उतरल्यावर काम करून दाखवायची परीक्षा असते. पास झाली तर नर्स, नाहीतर परतीचं विमान. मुलगा आणि नात मागाहून जायचे, तेही त्यावरच अडकलेलं.

कोथरूडला तिने क्लास लावला. सराव परीक्षेत दर वेळी नापास. मला वाटलं, इंग्रजी अडतंय. तसं नव्हतं. आपल्याकडे एका नर्सच्या गळ्यात अख्खा वॉर्ड. ती "आजी, हात बघू" म्हणेपर्यंत बीपीचा पट्टा आवळून मोकळी. तिथे आधी आपलं नाव सांगायचं, पेशंटचं नाव आणि जन्मतारीख विचारायची, काय करणार ते सांगायचं, चालेल का विचारायचं, मगच हात लावायचा. हिचे हात तोंडाच्या पुढे पळायचे.

एक दिवस क्लासहून आली आणि रडत बसली.

मी म्हटलं, "रडून कोण पास झालंय? मी दिवाणावर पडते. कर माझ्यावर सराव."

रोज संध्याकाळी मी पेशंट. माझी शाळा चौथीपर्यंत. ती इंग्रजीत विचारायची, मी मराठीत अडवायची. बीपीचा पट्टा घेऊन आली, की मी हात पदराखाली घ्यायची.

"आई, हात द्या ना."

"कोण आई? मी तुला ओळखत नाही. नाव काय तुझं?"

मुलगा हसायचा. "अगं, तिला परीक्षेचा सराव हवाय, सासूचा नको."

"तू गप्प बस."

जन्मतारीख विचारली तर मी म्हणायची, "कुठली सांगू? खरी कुणालाच ठाऊक नाही. मास्तरांनी शाळेत एक जून लिहिली."

"तिथे असं कोणी म्हणत नाही हो!"

"आणि म्हटलं तर? मनगटावरच्या नावाच्या पट्टीवर काय आहे ते बघ आणि परत विचार."

पुढे पुढे ती जेवतानाही थांबायला लागली. "आई, आमटी वाढणार आहे. चालेल का?"

मी म्हटलं, "झाली तयारी. जा आता."

गेली. निकालाच्या दिवशी मी फोन शेजारी ठेवून मेथी निवडत होते. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा ती ओरडतच होती. "आई, पास! पहिल्याच फटक्यात!"

नात दिवाणावर चढून नाचली. मी मेथी बाजूला सारली.

"पेशंट कोण होतं?"

"एक म्हातारी बाई."

"हात दिला तिने?"

"विचारल्याबरोबर! तुमच्यापेक्षा फार सोपी होती."

"असणारच," मी म्हटलं. "पुण्याची नव्हती ना."