ह्यांचे स्क्रूचे दात

आमचे हे सुरतेत डिंडोलीच्या बाजूला एका मराठी शाळेत मराठी शिकवायचे. मुलं बहुतेक मागावर काम करणाऱ्या खानदेशी लोकांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. त्यांच्या तोंडी शुद्ध मराठी बसवायचा ह्यांनी विडाच उचलला होता. मी जळगावकडची, त्यामुळे घरी मलाही सूट नव्हती.

आमच्या शेजारचे काका अस्सल सुरती. सुरती माणसाला ‘स’ म्हणायचा कंटाळा. तो सरळ ‘ह’ म्हणतो. सुरतचं हुरत, साबणाचा हाबु. काका काही बोलून गेले की हे आत येऊन कपाळाला हात लावायचे. “ह्या लोकांनी बिचाऱ्या ‘स’ला देशोधडीला लावलंय,” म्हणायचे.

नव्वदनंतरच्या वर्षांतल्या एका उत्तरायणाची, म्हणजे तिथल्या पतंगांच्या संक्रांतीची गोष्ट. सगळी सोसायटी गच्चीवर होती. ह्यांना पतंग आवडत नसत. टेपचा आवाज कमी करा, असं सांगायला हे वर आले. काकांनी ऐकून घेतलं आणि पतंगाची दोरी ह्यांच्या हातात दिली. “मास्तर, जरा पकडो ने, हूं पाणी पीने आवुं.”

काका पाणी पिऊन आले, पण हे दोरी देईनात. शर्टाच्या बाह्या वर, नजर आभाळात. समोरच्या गच्चीवरच्या पतंगाशी पेच लागला, तो कापला गेला आणि शुद्ध मराठीचे कैवारी ओरडले, “काप्यो छे!” ओरडतच गर्रकन वळले, ते थेट अँटेनाच्या लोखंडी पाइपावर. पतंग दुसऱ्याचा गेला, वरचे पुढचे दोन दात ह्यांचे गेले.

ओठाची सूज उतरली तेव्हा खरा प्रकार कळला. ‘स’ म्हटला की फटीतून शिट्टी वाजायची. वर्गात समास शिकवायला घेतला, तर पोरं बाकाखाली तोंडं घालून हसत होती. मग हे ‘स’ टाळायला लागले. साखरेला ‘गोड’ म्हणायचे, सोमवारला ‘रविवारनंतरचा वार’. मी मुद्दाम विचारायची, “अहो, माझ्या आईला तुम्ही कोण लागता?” जावई म्हणून सुटले. “आणि ती तुम्हाला?” ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

शब्द संपत आले तेव्हा नाइलाजानं ‘ह’वर आले. वाण्याकडे जाऊन म्हणाले, “एक हाबण द्या.” वाण्यानं मान वर न करता साबण दिला. काकांच्या कानावर गेलं, तसे पेढे घेऊनच आले. “मास्तर, अवे तमे पाका हुरती थेई गिया!” ह्यांनी पेढा घेतला, पण दोन दिवस काकांशी बोलले नाहीत.

काढघालीची कवळी करून पाहिली. ती संधी शिकवताना ‘विद्या अधिक आलय’ म्हणताना निसटून खडूच्या डब्यात पडली. बाजूच्या दातांना घासून ब्रिज बसवू म्हणावं, तर ह्यांचं म्हणणं, “त्या निर्दोषांना शिक्षा कशाला?” शेवटी कुणीतरी अठवा गेटकडचा एक तरुण डॉक्टर सांगितला. तो मुंबईहून नवीनच काहीतरी शिकून आला होता.

डॉक्टरनं प्लॅस्टिकचा जबडा पुढे ठेवून समजावलं. दर दातामागे हाडात एक छोटा स्क्रू बसवायचा, हिरडी शिवून टाकायची, काही महिन्यांत हाड त्याला धरून ठेवतं, मग वर दात.

“स्क्रू?” हे म्हणाले. “मी काय खुर्ची आहे?”

पण बसले. भूल दिली तेव्हा माझा हात असा दाबून धरला होता की माझी बांगडी वाढली. पुढे काही दिवस मऊच खायचं होतं. इतकी वर्षं ज्या लोचोला हे ‘बिघडलेला ढोकळा’ म्हणत आले, तो सकाळी स्वतः जाऊन आणायला लागले. भरपूर तेल घालून, शेव वगळून. टाके निघाले तरी लोचो सुटला नाही.

पावसाळा सरता सरता दात बसले. डॉक्टरनं आरसा दिला. ह्यांनी दात पाहिलेच नाहीत, डोळे मिटून म्हणाले, “सासूबाई.” शिट्टी नाही, काही नाही. पुन्हा म्हणाले, “सासूबाई, सासूबाई.” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “माझ्या आईची फार आठवण येते त्यांना.”

असे दात तोवर फारसे कुणी पाहिले नव्हते. डॉक्टरनं ह्यांना विचारून बिचकणाऱ्या लोकांना आमच्या घराचा पत्ता द्यायला सुरुवात केली. एका रविवारी नवागामहून एक कामगार आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. हे आरामखुर्चीत नीट बसून हाड, हिरडी, स्क्रू सगळं शिकवायला लागले. आजीचं लक्ष फक्त तोंडाकडे. मधेच म्हणाली, “मास्तर, ओढीसन देखू का?”

ह्यांनी ‘काय?’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजीची दोन बोटं आत. तिनं दात पकडून हलवला, खाली ओढला, मग दुसरा. ह्यांचे डोळे वाटीएवढे झाले. आजी पदराला बोटं पुसत मुलाला म्हणाली, “हालस बी नही!”

“आई, मग बसवायचे का तुला?” मुलानं विचारलं.

आजी खुदकन हसली. तोंडात एकही दात नव्हता. “मी काय सुपारी फोडू आता?” असं तिच्या भाषेत म्हणाली, आणि मी केलेला चहा बशीत ओतून निवांत प्यायली.

ते गेल्यावर हे किती तरी वेळ मोरीत चुळा भरत होते. बाहेर येऊन म्हणाले, “आता कोणी आलं तर मी घरी नाही म्हणून सांग.”

“बरं,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी जेवण उरकल्या उरकल्या इस्त्रीचा शर्ट घालून, दात घासून, दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, “कोण यायचंय?”

“कुठे कोण?” म्हणाले. “हवा छान आहे.” आणि रस्त्याकडे बघत राहिले.