इंदूबाईंनी परत केलेला पांढरा कागद

इंदूबाई गेल्याचं मला पवनीच्या एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं. भंडाऱ्याच्या स्टँडवर मी नागपूरहून आलेले कागदाचे गठ्ठे उतरवून घेत होते, हमालाशी घासाघीस चालू होती. तेवढ्यात पलीकडच्या गाडीच्या दारातून तो म्हणाला, "कागदवाली बाई, तुमची अड्याळची नर्सबाई गेली ना सकाळी." मी हमालाला म्हटलं, मागतोस ते घे. तो इतका गडबडला की गठ्ठा उचलायचंच विसरला. त्याने सांगितलेला पहिला भाव मी आजवर कधी मान्य केला नव्हता...

त्यानंतर काही दिवसांनी अड्याळला शोकसभा झाली. मीही गेले. नागपूरहून आलेले एक वक्ते छान बोलले, आवाज चांगला होता. म्हणाले, बाईंची परिस्थिती बेताची, साधा पांढरा कागद घेण्याची ऐपत नाही, म्हणून कापसाच्या बंडलाचं वेष्टन आणि दुकानातली रद्दी यांवर त्यांनी आपली नक्षीकला जोपासली. पांढरा कागद मिळाला असता तर ही कलावती कुठल्या कुठे पोचली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, कागद मी पुरवत होते, मला विचारा. कुणीतरी माइक बंद केला. बाईंचा पुतण्या प्रमोद, जो नागपूरला बँकेत आहे, तो हात जोडून म्हणाला, "काकू, बसा." मी बसले. ते बसणं मला अजून टोचतं आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. इथे कुणाला माइक बंद करता येत नाही.

मी मूळची करडी गावची. लग्नानंतर घरात बसून भागेना, म्हणून पुड्या बांधायचे कागद विकायला लागले. डोक्यावर गठ्ठा घेऊन आठवडी बाजार धरायचे. आज भंडाऱ्यात माझं कागदाचं दुकान आहे, ते मला कुणी आंदण दिलेलं नाही. माझ्या तोंडाला लोक भितात, हेही मला माहीत आहे. इंदूबाई तेवढ्या भ्यायल्या नाहीत.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात मी दिवस भरत आलेले असतानाही अड्याळचा बाजार केला. एका गूळवाल्याशी खाकी कागदाच्या भावावरून जुंपली होती, आणि मध्येच कळ आली. मी त्याला म्हटलं, थांब, सौदा अजून झाला नाही, आणि तिथेच खाली बसले. बायकांनी मला उचलून बाजारामागच्या सोनाबाई दाईच्या घरी नेलं. माझा गठ्ठाही मी सोबत उचलायला लावला. भरदुपारी ती खोली काळोखी होती. बाळंतिणीला वारा लागतो म्हणून खिडकीला गोणपाट, दाराला घोंगडी, आणि उजेड काय तो छपराच्या कवेलूंच्या फटीतून यायचा तेवढाच. दवाखान्यातून इंदूबाई आल्या. आल्या आल्या खिडकीवरून त्यांचं दाईशी वाजलं. त्यात दाई जिंकली. बाईंनी मला तपासलं, वेळ आहे म्हणाल्या, हात धुऊन माझ्या उशाशी बसल्या आणि पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. मग काही न विचारता माझ्या गठ्ठ्यातून एक खाकी ताव ओढून घेतला.

"माहा माल आहे तो, बाई!"

"मंग भाव सांग."

"कळ जाऊ द्या, सांगते."

दाईच्या तंबाखूच्या डबीतला चुना त्यांनी वाटीत पातळ केला, खराट्याची काडी बुडवली आणि कागदावर एक वळणदार रेघ ओढायला लागल्या. म्हणाल्या, इकडे बघ, रेघ चालू आहे तोवर श्वास सोडायचा, रेघ थांबली की थांबायचं. पहिल्या रेघेला चिकटून दुसरी, दुसरीला चिकटून तिसरी. कुठलं फूल नाही, पान नाही, देव नाही. मी बघत राहिले. बघण्यासारखं दुसरं काही दिसतच नव्हतं तिथे. सगळी खोली अंधारात बुडालेली आणि खाकीवर ती पांढरी रेघ हळूहळू पुढे सरकणारी. तिथे पांढरा कागद असता तर डोळ्यांत घुसला असता, आणि त्यावर चुना दिसला तरी असता का? ही साधी गोष्ट त्या वक्त्यांना कळायला एकदा बाळंत व्हावं लागलं असतं.

पुढे जे झालं ते आजवर मी कुठे सांगितलं नव्हतं. दाई दुसऱ्या वाटीत हळद कालवत होती. माझा घाम पुसायला ती पुढे वाकली, तिची हळदीची बोटं ओल्या चुन्यावर टेकली आणि तिथे लालभडक डाग उमटला. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं, हे कुंकू करणाऱ्या घरात पोरीबाळींनाही ठाऊक असतं. पण त्या खोलीत, त्या वेळी, ते कुणाला आठवलं नाही. दाईने कपाळाला हात लावला. "रगत उमटलं वं माय. पुसा ते. फाडून टाका." आत्तापर्यंत शूरपणे भांडणारी मी, पोटातल्या जिवाची आशा सोडायला लागले...

इंदूबाईंनी तो डाग निरखून बघितला. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "पुसत नसते मी." दाईपुढची हळदीची वाटी ओढली, दुसरी काडी घेतली आणि पांढऱ्या रेघांना आडव्या अशा पिवळ्या रेघा घालायला सुरुवात केली. हळद खाकीवर दिसत नव्हती म्हटलं तरी चालेल. पण जिथे जिथे ती चुन्याला छेदून जाई, तिथे एक लाल ठिपका उगवे. एक, मग शेजारी दुसरा, मग ओळच्या ओळ. "आता सांग सोनाबाई, कोनतं रगत म्हन्तेस? कागदभर आहे." दाई पुटपुटत राहिली. मला मात्र कळांच्या मधल्या उसंतीत हसू यायला लागलं. माझा मोठा त्याच कागदाशेजारी जन्मला, आणि चांगला खणखणीत रडला.

त्या दिवसापासून अड्याळचा बाजार माझ्यासाठी दोन कामांचा झाला. माल विकायचा, आणि दुपारी दवाखान्यामागच्या बाईंच्या क्वार्टरवर जायचं, तेही नवा कागद घेऊन. दवाखान्यातल्या कापसाच्या बंडलाचा गडद निळा कागद त्यांच्याकडे असायचाच. मी खाकी न्यायचे, पाटीपुस्तकांच्या गठ्ठ्यांवरचा राखाडी न्यायचे, भाताच्या तणसाच्या लगद्याचा पिवळसर पुठ्ठा न्यायचे, नाटकांच्या जाहिरातींचा गुलाबी न्यायचे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्या आधी एकेका रंगाचं बोट लावत, वाळू देत, उन्हात धरत, सावलीत धरत. लाल औषध निळ्यावर गेलं की मरून काळं पडायचं. जखमेचं जांभळं औषध खाकीवर दाट लावलं तर वाळल्यावर तांब्यासारखी झाक मारायचं. तेच पुठ्ठ्यावर लावलं की पुठ्ठा पिऊन टाकायचा. चुन्यात डिंक घातला तर रेघ पापुद्रा धरत नाही, गेरू राखाडीवर बोलतो आणि गुलाबीवर गप्प बसतो. हे सगळं त्यांनी एकेक करून बघितलं. एकच नक्षी त्या तीन कागदांवर काढून शेजारी मांडत. मी विचारलं, काहून तेच तेच काढता? तर म्हणाल्या, "एकच सून तीन घरी नांदवून पाहून राहिली. कोन्या घरी हसते ते पायते."

सभेत सगळे म्हणाले, बाई शांत होत्या. कुठल्या बाई? मला माहीत असलेल्या बाई रागावल्या की कागद मागत. कुठल्या घरी सासूने वेळेवर बोलावलं नाही, कुणी सुनेला तिसऱ्यांदा पोरगीच झाली म्हणून तोंड फिरवलं, की तिकडून येऊन त्या ओसरीवर बसत आणि रेघेला रेघ लावत जात. जबडा आवळलेला असे. तासाभराने तो सैल होई. राग जात नसे, तो जागेवर बसे, एवढंच. मग त्या उठत आणि त्या सासूच्या घरी पुन्हा जात, यावेळी सुनवायला. मी शेजारी बसून राही. तोंड मिटून बसायची माझी जगात तेवढी एकच जागा होती.

एकदा वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरची जांभळी नक्षी बघितली आणि औषधाची नासाडी म्हणून मेमो देऊन लेखी खुलासा मागितला. बाईंनी खुलासा दिला, की बाटलीच्या तळाशी वाळलेलं औषध कुणाच्या जखमेला लावत नसतात. पण तो मेमो बदामी रंगाच्या जाड कागदावर होता. "रंग चांगला आहे वं," म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवर काजळ आणि चुन्याची अशी जाळी विणली की तशी पुन्हा त्यांना स्वतःलाही साधली नाही. ती त्यांनी दवाखान्यात स्वतःच्या खुर्चीमागे लावली. पुढच्या तपासणीला साहेबांनी तिचं कौतुक केलं, असं कंपाउंडर सांगायचा.

आता पांढऱ्या कागदाचं. माझं दुकान उभं राहिलं तेव्हा मी नागपूरहून चित्रकलेचा उत्तम, जाड, दुधासारखा पांढरा कागद आणला आणि बाईंना भेट म्हणून नेला. मी कुणाला फुकट काही देत नाही. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी कागदावरून हात फिरवला, एका तावावर दुपारभर काम केलं आणि संध्याकाळी उरलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला. माझं डोकं फिरलं. मी नको नको ते बोलले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "कौसल्ये, ह्याच्यावर मले खालीच जाता येते. काळं करत जा, बस. माह्या कागदावर मी मधी उभी राहते. चुना घेतला का वर, काजळ घेतलं का खाली. अन् कोऱ्यावर कोनीबी काढते. ज्याले आधीच रंग आहे त्याच्यावर काढून दाखवा म्हना."

मी तो गठ्ठा तणतणत परत आणला आणि चढ्या भावाने विकला. पुढचे काही बाजार मी क्वार्टरकडे फिरकले नाही. मग एक दिवस कंपाउंडरने निरोप आणला, की बाई म्हणतात खाकी संपला. मी लगेच गेले. आमच्यात माफी वगैरे मागायची पद्धत नव्हती. ज्या बाईला सरकारी पगार होता, क्वार्टर होतं, जिच्या पायाशी मी तो दुधासारखा कागद ठेवला होता, तिची ऐपत नव्हती म्हणे...

गेल्या पंधरवड्यात प्रमोद माझ्या दुकानी आला. बाईंच्या नक्षीचं प्रदर्शन भरवणार होते, त्यासाठी त्याला पांढरं कार्ड हवं होतं. सोबत दोन बंडलं होती. एकात एका ड्रॉइंग मास्तरांनी पांढऱ्या कागदावर पोस्टर कलरने उतरवून काढलेल्या नकला होत्या. मी एक उलगडली. चुन्याच्या रेघा काळ्या झाल्या होत्या, कारण पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं? आणि हळद-चुन्याचे लाल ठिपके कुठेच नव्हते. मी विचारलं, तर प्रमोद कौतुकाने म्हणाला, "काकू, मूळ कागदांवर फार डाग पडले होते. मास्तरांनी ते सगळे काढून टाकले." दुसऱ्या बंडलात बाईंचे कागद होते. आता त्यांची काही गरज नाही, खोलीत जागा अडवतात, असं तो म्हणाला.

माझा राग पायापासून चढला. पण मी बाजारात वाढलेली बाई आहे. ज्या मालासाठी जीव तुटतो, त्या मालाकडे बघायचं नसतं. मी कार्डाचा गठ्ठा पुढे ठेवला, त्याने भाव विचारला. मी म्हटलं, तू घरचा, तुझ्याकडून काय घ्यायचं, ती रद्दी ठेव इथेच, पुड्यांना होईल. त्याला ते पटलं. वर तो बांधायला सुतळी मागत होता. ती मात्र मी दिली नाही, नाहीतर त्याला संशय आला असता.

हे वाचून तो बंडल परत मागायला येईल. खुशाल यावं. सौदा दोघांच्या मर्जीने झाला आहे आणि त्याची कार्डं भिंतीवर चढली आहेत. प्रदर्शनाला मी गेले होते. सगळं स्वच्छ होतं, ट्यूबलाइटखाली लखलखत होतं. एक बाई नवऱ्याला म्हणाली, टेबलक्लॉथला छान दिसेल.

बाईंचे कागद मी दुकानाच्या मागच्या कोठीत टांगले आहेत, जिथे गठ्ठे ठेवते तिथे. त्या कोठीला खिडकी नाही, कवेलूंच्या फटीतून येतो तेवढाच उजेड, आणि मी दिवा लावत नाही. बघायला येणाऱ्याला आत सोडते आणि दार ओढून घेते. सुरुवातीला प्रत्येक जण म्हणतो, काहीच दिसत नाही. मी म्हणते, थांबा, डोळे बसू द्या. थोड्या वेळाने आतली माणसं बोलायची बंद होतात. आधी चुन्याची एक रेघ वर येते, मग तिच्या शेजारची, मग त्यांच्यामधली तांब्याची झाक, आणि सगळ्यात शेवटी ते लाल ठिपके, ओळीने. दाराबाहेर उभं राहून मला ते श्वासावरूनच कळतं.

ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांच्यासाठी पांढरा कागद पुढे दुकानात, वरच्या फळीवर ठेवला आहे.