वूफरचं खोकं आणि वडिलांची पेन्सिल

मिरजगावच्या आमच्या सुतारकामाच्या दुकानात ज्याची पेन्सिल चालते तो मिस्त्री. पेन्सिल वडिलांच्या कानामागे. मी चाळिशी ओलांडली तरी नुसता कापणारा. रेघ त्यांनी मारायची, करवत मी चालवायची आणि माप चुकलं की दोष करवतीचा, म्हणजे माझाच.

मग जामखेडचे दाजी आले. लग्नाच्या भाड्याला लावायच्या जीपमध्ये त्यांना वूफर बसवायचा होता आणि त्याला सगळ्या बाजूंनी हवाबंद खोकं हवं होतं. दारं-पलंग करणारे वडील मला म्हणाले, “हे तू कर. सांध्यातनं हवा न्हाई गेली, तर फुडची आखणी तुझी.”

तीन दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघून मी थोर तज्ज्ञ झालो. पांढऱ्या गोंदाचा डबा दुकानातच होता, पण तो पडला गावठी. मी नगरहून फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या चार नळ्या आणल्या. “न्हाणीघर बांधतुयास व्हय?” वडिलांनी विचारलं. अडाण्याकडे बघून हसतात तसा मी हसलो. प्लायच्या कडांना सिलिकॉन फासलं आणि शंका नको म्हणून वर पांढरा गोंदही ओतला. सिलिकॉन लागलेल्या लाकडाला दुसरं काही चिकटत नाही, हे व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं म्हणे. शेवटपर्यंत बघायला वेळ कुणाला होता?

दाजी नारळ आणि उदबत्त्या घेऊनच आले. आमच्याकडे पाण्याच्या मोटारीचीही पूजा होते, मग वूफरने काय घोडं मारलंय? गाणं लागलं. “लई दणका हाय!” दाजी खूश झाले. मी आत्ताच मिस्त्री झाल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिलो. मशीनच्या आवाजाने वडिलांचे कान कधीच मंद झालेले, सांध्यातली बारीक फुसफुस त्यांना ऐकू येणार नव्हती, त्यामुळे तिकडूनही निर्धास्त होतो.

पण खोक्याच्या कोपऱ्याशी लावलेल्या उदबत्तीचा धूर प्रत्येक ठोक्याला दचकत होता. वडिलांनी ती उचलली आणि प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवली. तीन ठिकाणी धूर उडाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ऱ्हाऊ द्या की,” दाजी म्हणाले. “गाडीत कुनाला कळतंय?”

वडील माझ्याकडे बघत राहिले. हो म्हणणं फार सोपं होतं.

“न्हाई दाजी,” मी म्हणालो. “सगळं खोलावं लागंल. सिलिकॉन लागलेल्या कडा कापून टाकतो, मग नव्यानं जोडू.”

कडा कापायच्या म्हणजे सगळी मापं पुन्हा घेणं आलं. मी करवत उचलली आणि सवयीने तसाच उभा राहिलो, रेघ मारून मिळण्याची वाट बघत. वडिलांनी पेन्सिल काढून माझ्या कानामागे खोचली आणि पांढऱ्या गोंदाच्या डब्याचं झाकण उघडायला बसले.