मूठभर कोंड्याचा बाप

इतका शिकेल अन् इतका बिनकामाचा मानूस मालेगावात दुसरा कोनी येऊन गेला असन तं मले आनून दाखवा. आमी त्याले पादरीबाबा म्हनो. आमची खोली त्याच्या मिशनच्या भिंतीले लागूनच, मधात एक कडुलिंब, अन् त्या लिंबाले त्याची घंटा टांगेल. ती वाजली का मी हातातलं काम टाकून घरात पळो. तशी मी भित्रीच. पालीले भेतो, डाक्तरले भेतो, सासूले तं भेतोच भेतो, अन् लग्न होऊन या खोलीत आली तवा सगळ्यात जास्त भेव त्या पांढऱ्या झग्याचं वाटे. माही सासू, आत्याबाई, म्हने, "त्याच्याकडं पाहू नको वं, पाह्यलं का तो पुस्तक देते." आता पुस्तक देल्लं तं काय होते हे तिलेबी माहीत नव्हतं, पन मी मान खाली घालूनच पानी भरलं.

त्याची सगळी जिंदगी शिकन्यात गेली, हे त्यानंच भिंतीवरून सांगेल. वसईकडचा, समुद्राकाठचा मानूस. लहानपनी मायनं देवाले देऊन टाकलं, देवानं शाळेत घातलं, अन् शाळेनं काही त्याले सोडलं नाही. इथं शिकला, मंग बोटीत बसून रोमले गेला, तिथं पोपच्या गावात राहून कोनी बोलत नाही अशा भाषा शिकला. मी भेत-भेत इचारलं, "बाबा, मंग त्या भाषेत बोलता कोनासंग?" तं म्हने, "बोलत नाही बाई, वाचतो." तिथं त्यानं एक जाडजूड पुस्तक लिहिलं, कवाच्या काळी मरून गेलेल्या कोन्या साधूच्या एका ओळीवर. ती ओळ त्या साधूनं लिहिलीच नाही, असं त्या पुस्तकात सिद्ध केल्लं म्हनते. म्हनजे पाहा, जे लिहिलंच नाही त्याच्यावर एवढं मोठं पुस्तक! मंग परत आला, पादऱ्याईचा मास्तर झाला, आता मोठा मानूस होईन असं सगळ्याईले वाटून राह्यलं होतं, तं एक दिवस वरचे मोठे साहेब भाषन देत असतानी यानं भर सभेत उठून त्याईची चूक काढली. तिथून जो निघाला तो पुस्तकाच्या पेट्या घेऊन सीधा मालेगावच्या बसस्टँडवर.

मराठी तं इतकी शुद्ध बोले का आमाले अर्धी समजे नाही. बाजारात माळनीपुढं उभा राहून म्हने, "भगिनी, ही वांगी कोणत्या भावाने देता?" ती बिचारी वजनं तपासनारा साहेब आला समजून तराजू लुगड्याखाली लपवे अन् वांगे फुकट देऊन टाके. यानं पैसे पुढं केले का ती आनखीच भेये. सायकलवर बसून पुस्तक वाचे. एकदा वाचत-वाचत आमच्या अंगनात शिरला अन् सायकल म्हशीले टेकून, आपलं घर समजून आमच्या ओट्यावर बसला. म्हैस सायकलसकट हालली तवा कुठं मान वर केली. अन् समजावून सांगन्याची तं अशी हौस, का बाप्पा! कोनी टाइम जरी इचारला तरी "त्याचं असं आहे..." म्हनून सुरू होये, अन् त्याचं ते 'असं' संपेपर्यंत इचारनाऱ्याची एसटी निघून जाये.

त्याले मालेगावात धाडलं होतं ख्रिस्ती लोकं वाढवाले. वाढले नाही. पहिलेपासून एक रेल्वेतले रिटायर गार्ड अन् त्याईची बायको, दोघंच बाकावर बसत. त्या दोघाईपुढं हा दर रविवारी लाऊडस्पीकर असल्यासारखा ओरडून सांगे का सटवाई-बिटवाई काही नसते, हे सारं अज्ञान आहे. आता त्या गार्डाले सटवाई कोन हेच माहीत नाही, अन् ज्याईले माहीत हाय त्या आमी भिंतीच्या अलीकडं भाकरी थापून राह्यलो.

आता माहं सांगतो. माहे पहिले दोन लेकरं गेले. एक पाचवी पुजाच्या आतच गेलं. दुसऱ्याच्या येळी आत्याबाईनं इलाज केला. आमच्याकडं ज्याचे लेकरं वाचत नाही तो नवं लेकरू सुपात घालते, घरातला केरकचरा असल्यासारखं परायाच्या दारात नेऊन ठेवते. त्या घरच्यानं मूठभर कोंडा देऊन ते इकत घ्याचं, आपल्या उंबऱ्याच्या आत न्याचं, मंग सांभाळाले मायजवळ द्याचं. सटवाई लेकरू न्याले आली तं तिले वाटते, या बाईले लेकरू नाहीच, हे तं दुसऱ्याचं. फक्त घेनाऱ्यानं कवाच 'हे माहं नाही' असं म्हनाचं नाही. आमी ते शेजारनीले इकलं, अन् ती एक दिवस नळावर भांडनात बोलून गेली, "कायले माह्या नावावर टाकता तुमचं कार्टं!" दात यायच्या आधीच गेलं ते. म्हनून तिसरा झाला तवा मी त्याच्या नाकापुढं बोट धरूनच बसो, श्वास चालू हाय का नाही पाहत. जेवन जाये नाही का झोप ये नाही.

आत्याबाई म्हने, आता असं घर पाहाचं जिथं सटवाई पाय ठेवत नाही. पहिले समोरच्या टेलरचाचाले इचारलं. चाचा म्हने, "भाभी, दिल तो बहोत है, लेकिन मेरे यहां इत्ते हैं के शाम को वापस देते वखत कौनसा आपका, कौनसा मेरा, झगडा हो जाएगा." मंग चाचाचीच नजर भिंतीपलीकडं गेली. आमचे मालक, म्हनजे आत्याबाईचे लेक, सेठजीच्या दुकानात तोलाईवर, ते म्हने, "पादरी? तो तं याच्यावर भाषन देते!" आत्याबाई म्हने, "देऊ दे. सटवाई काही भाषनाले जात नाही."

गेलो. आत्याबाईनं सारं सांगितलं. पादरीबाबा सुरवातीले इतका खूश झाला का काय सांगू! सूप पूर्वेकडं का पच्छिमेकडं? उचलतानी डावा हात का उजवा? काहून? मंग एकाएकी त्याच्या ध्यानात आलं का हे पुस्तकातलं नाही, आपल्यालेच कराचं हाय. चेहरा उतरला. म्हने, "आजीबाई, माझा धर्म याला परवानगी देत नाही. ही अंधश्रद्धा आहे. त्याचं असं आहे..." अन् तिथं त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी दाताखाली पदर धरून उभी होती. तो उगाच चष्मा पुसत बसला. मंग हळूच म्हने, "कोंडा गव्हाचा चालेल का? माझ्याकडे ज्वारीचा नाही."

बुधवारी सकाळी सूप त्याच्या दारात ठेवलं. त्यानं आत्याबाईच्या हातात मूठभर कोंडा देल्ला, लेकरू उचललं, जसं पापड उचलते तसं, तुटन का काय म्हनून. नाव ठेवलं कोंडबा. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला, अन् मांगून जीप आली. त्यातून उतरले तेच वरचे मोठे साहेब, ज्याईची चूक काढली होती, मिशन कसं चालते ते पाहाले. पाहते तं काय, याईचा विद्वान एका हातात सूप, काखेत लेकरू, झग्यावर सारा कोंडा.

"फादर, हे मूल कोणाचं?"

पादरीबाबानं तोंड उघडलं. "त्याचं असं आहे..." म्हने. झालं, म्हटलं, आता हा सारं समजावून सांगते, अन् गेलं माहं लेकरू! समजावन्याची इतकी मोठी संधी त्याले जिंदगीत भेटली नसन. पन तो तिथंच अटकला.

"माझं आहे."

जीपच्या डायवरची बिडी तोंडातून खाली पडली. मोठे साहेब लाल झाले, पन मानूस दयाळू असन, हसून म्हने, "म्हणजे देवाचं लेकरू, असं म्हणायचं आहे तुम्हांला." पादरीबाबानं आशेनं आमच्याकडं मान वळवली. "आजीबाई, देवाचं म्हटलं तर चालेल का?"

"नाही चालत!" आत्याबाई किंचाळली. "देवाचं केलं तं देव घेऊन जाईन!"

"नाही साहेब," तो म्हने, "माझंच आहे."

सारं मालेगाव जे जानते ते एकट्या त्या साहेबाले माहीत नव्हतं, अन् सांगाले कोनी धजलं नाही. चाचा निघाला होता, "मैं समझाता हूं साहब को," पन पादरीबाबानंच त्याले हातानं थांबवलं. दार लावून आत सांगू का, असं त्यानं आत्याबाईले इचारून पाह्यलं, तं ती म्हने, "सटवाईले दार अडवते काय?" साहेब चहा न पेता गेले. पुढं बाजारात पोट्टे त्याच्यामांगं 'कोंडबाचा बाप, कोंडबाचा बाप' करत, तं हा सायकल थांबवून त्याईले नमस्कार करे. लेकराले दात आले, ते रांगाले लागलं, भिंतीवरून याच्या चष्म्याले हात घालाले लागलं, अन् एक दिवस बदलीचा हुकूम आला. कुठं तरी दूर डोंगरात, लहान पोराईले बाराखडी शिकवाले. रोमले जाऊन आलेला मानूस!

जायच्या दिवशी आत्याबाई म्हने, "बाबा, आता तुमी चालले, तं आमचं लेकरू आमाले परत देऊन टाका." त्यानं इचारलं, "परत दिलं तर काय होतं?" आत्याबाई म्हने, "काही नाही. मंग ते आमचं. सटवाईले पत्ता सापडला तं सापडला." तो लेकराकडं पाहत राह्यला. लेकरू त्याच्या गळ्यातला क्रूस चोखून राह्यलं होतं. म्हने, "मग राहू द्या. माझ्याच नावावर राहू द्या." मले पहिल्यांदा त्याच्या पाया पडावं वाटलं, पन भेव वाटलं का त्याच्या धर्मात चालते का नाही, अन् इचारलं तं तो समजावत बसन अन् एसटी निघून जाईन. म्हनून नुसती उभी राह्यली.

त्याची काही खबर नाही. तिकडं कोनी इचारत असनच, फादर, तुमाले कोनकोन हाय? तवा तो काय सांगत असन, याचा भाकरी थापता-थापता मी इचार करतो. कोंडबा बाजूले बसून साऱ्या पिठाची रांगोळी करून ठेवते. आत्याबाई म्हने, एक चापट दे वं त्याले. मी हात उचलतो अन् खाली घेतो. दुसऱ्याचं लेकरू हाय.