चूक त्याच हाताची

माझ्या मावशीच्या नाकावर राग. ती गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायची. एकदा बढतीसाठी तिनं इंग्रजीत अर्ज लिहिला, तर साहेबानं तो चारचौघांत वाचून दाखवला, एकेका चुकीला हसत. त्याच संध्याकाळी ती जाड लाकडी पट्टी घेऊन घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर आमचा वर्ग सुरू झाला. विद्यार्थी दोन: तिच्याकडे शिकायला राहिलेली मी आणि तिची नऊ वर्षांची धाकटी लेक.

ती इंग्रजी शब्दकोशातले वीस शब्द रोज सांगणार, आम्ही लिहायचे. ज्याचा शब्द बरोबर, त्यानं चुकणाऱ्याला मारायचं, तेही उजव्या हातावर, कारण चूक त्याच हातानं केली. हळू मारलं तर मारणाऱ्याला दुप्पट, मावशीच्या हातचे. आणि मावशीचा हात म्हणजे घण. माझी घोकंपट्टी जोरात होती. धाकटी बिचारी कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायची.

सोमवारी तिचे सात चुकले, मी सात मारले. मंगळवारी तिच्या सुजलेल्या बोटांत पेन्सिल ठरेना. अक्षरं वाचता येईनात, आणि न वाचता येणारा शब्द मावशी चूकच धरायची. अकरा. बुधवारी पंधरा. बाराव्या फटक्याला काडकन आवाज आला. धाकटी गुरासारखी ओरडली. मी पट्टी हातात घेऊन उभी, माझीच मला किळस आली.

"कसं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दारात सापडलं बोट," मावशी म्हणाली. धाकटीनं माझ्याकडे बघत मान डोलावली.

वाटलं, सुटलो. कसलं काय! आठ दिवसांनी पुन्हा टेबल.

"हिचं तोंडी घेईन," मावशी म्हणाली, "आणि उजव्या हाताला हात लावायचा नाही. डाव्यावर मार."

बाईला दया आली होती ती एवढीच.

पहिलाच शब्द चुकला. धाकटीनं डावा हात पुढे केला आणि कुजबुजली, "ताई, जोरात मार. नाहीतर तुला बसेल."

मी पट्टी मावशीच्या पायांवर फेकली. तिनं ती उचलली. नखं काळीनिळी होईतो तिनं माझ्या उजव्या हातावर मारलं, आणि मी हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मला पेन्सिल धरवेना. माझे वीसच्या वीस चुकले, आणि धाकटीनंही माझ्याकडे बघत तोंडी वीसही चुकवले. मावशी पट्टी घेऊन आमच्याकडे बघत राहिली. मारायला घरात बरोबर असं कोणी उरलंच नव्हतं.